शिंगवाल्यांची भावकी

२०२३ साल होतं. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि बैलाच्या बाबतीत माझा शब्द तोवर गावात कुणी मोडला नव्हता. शाळा माझी चौथीपर्यंत. मास्तर म्हणायचे शाळेनं तुला सोडलं, पण ते खोटं, मीच शाळा सोडली. मला बैल कळायचे. उंब्रजपासून आतल्या अंगाला आमचं गाव. तिथनं पार औंधच्या यात्रेपर्यंत लोक मला खिलार बैल दाखवायला न्यायचे. मी बैलाच्या तोंडासमोर उभा राहायचो आणि सांगायचो, ह्याचा बाप अमक्या गावातला. दात बघायचे ते वय कळायला. घराणं कळायला शिंग. ते कुठनं फुटलंय, मुळाशी दोन्ही किती जवळ आहेत, मागं कसं जातंय, टोक कुठं वळतंय. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी गावातले निम्मे बैल माझ्या दारात शिंगं साळायला उभे असायचे. साळणं म्हणजे वरचा खडबडीत थर चाकूनं काढून शिंग गुळगुळीत करायचं, मग त्याला रंग द्यायचा. हे काम हाताचं नाही, डोळ्याचं आहे, असं मी सांगत असे.

त्या डिसेंबरात माझी नात आली. सांगलीला दिलेल्या मुलीची मुलगी. ती परदेशात शिकते. काय शिकते ते मी पारावर सांगत नव्हतो, कारण सांगितलं की माणसं हसायची. ती हाडं शिकते. माणसाची नाही, गुराची नाही. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधी मेलेल्या जनावरांची. डायनासोर म्हणतात त्यांना. त्यातही शिंगवाले.

ती अंगणात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. मी विचारलं, "दिवसभर टकटक करतीस, पण करतीस काय नक्की?"

"आबा, मी ह्यांची भावकी लावते."

"कुणाची?"

"ह्या शिंगवाल्यांची. कोण कुणाच्या जवळचा, कोण लांबचा, कुणाचं मूळ एक. कवटीवरच्या खुणा बघून."

"आगं, मग तू आन मी एकाच धंद्यातली की!"

ती हसली, पण माझं चित्त भावकी ह्या शब्दापाशीच राहिलं होतं. मी तो बरीच वर्षं तोंडातनं काढला नव्हता.

तिनं चित्रं दाखवली. हत्तीएवढं जनावर, नाकावर एक शिंग, डोळ्यांवर दोन, आणि मानेमागं सुपासारखं उभं राहिलेलं हाड. मला गंमत वाटली. मी दोन डोकी निवडून बोट ठेवलं. "हे दोघं सख्खं. शिंगं बघ, एका साच्यातली."

"चुकलं," ती म्हणाली.

मला चुकलं असं म्हणणारं माणूस घरात नव्हतं. माझी बायको कधी म्हणाली असेल, पण ती जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"चुकलं कसं?"

"शिंगं सारखी दिसतात, पण बाकी डोकं बघा. नाकाचं हाड वेगळं, सुपाच्या कडेची हाडं वेगळी. दोन वेगळी घराणी आहेत ती. आणि आता हे दोन बघा. एकाचं शिंग मागं वळलंय, दुसऱ्याचं पुढं."

"ते भिन्न जातीचं. आंधळापण सांगंल."

"एकाच जातीचे आहेत, आबा. एक पोर आहे आणि एक म्हातारा. लहानपणी ह्यांचं शिंग मागं वळायचं, वय झालं की पुढं यायचं. नुसत्या शिंगावर गेलं की माणूस फसतो."

मग तिनं एक लहानसं, बिनशिंगी डोकं दाखवलं. पोपटासारखी चोच. म्हणाली, हाही शिंगवाल्यांच्याच भावकीतला.

"शिंग कुठाय?"

"शिंग नाही. पण वरच्या चोचीच्या टोकाला हे जादा हाड आहे ना, ते दुसऱ्या कुठल्याच जनावराला नसतं. फक्त ह्यांना. ते असलं की आपला."

"शिंग न्हाई आन शिंगवाल्यांच्या पंगतीला बसला. चांगलं हाय तुमचं!" मी उठलो. मला राग आला होता, आणि कशाचा आला ते सांगता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कुठंशी गेली आणि दुपारी डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत मातीनं भरलेली बैलाची कवटी. शिंगावरचं टोपण कुजून गेलेलं, आतलं हाड तेवढं राहिलेलं. ती खुशीत होती.

"आबा, हे बघा! शिंगाचं आतलं हाड कसं असतं ते मला बघायचंच होतं. आमच्या डायनासोरांचंही आतलंच उरतं, वरचं टोपण जातं. धाकट्या आजीच्या शेतात पाइपासाठी चर काढताना जेसीबीनं वर आणली. ती म्हणाली, घेऊन जा, बघून झालं की परत आण."

धाकटी आजी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. तिचं घर माझ्या घरापासून चौथं. त्या घराचा उंबरा मी बत्तीस वर्षं ओलांडला नव्हता. मुलींना आणि नातवंडांना कुणी अडवत नसे. अबोला आम्हा दोघांचा होता.

मी ती कवटी ओळखली. डावं शिंग बाहेर फेकलेलं, उजवं नीट मागं गेलेलं. ह्या जगात तसा एकच बैल होता.

आता ते सांगायलाच पाहिजे.

बत्तीस वर्षांपूर्वी माझ्याकडं एक वळू होता. पांढरा, अंगावर एक डाग नाही, शिंगं धनुष्यासारखी. लांबलांबच्या गायी त्याच्याकडं यायच्या. भावाची गायही आली. तिला खोंड झाला. आमची वाटणी झालेली होती, पण बोलणंचालणं होतं, तो मला दादा म्हणायचा, सणाला एका ताटात जेवायचो. मी ती तीन सालं माण भागात बैलांच्या मागं फिरत असे आणि खोंड भावाच्या रानातल्या गोठ्यात असायचा, त्यामुळं खोंड वाढताना मी पाहिला नाही. तो तीन वर्षांचा झाला तेव्हा बेंदराच्या दिवशी भाऊ त्याला घेऊन पारावर आला. घरी नाही आणला. मुद्दाम सगळ्यांसमोर आणला. त्याला मिरवायचा होता. खोंडाला आंघोळ घातलेली, गळ्यात नवी घुंगरं. शिंगं मात्र तशीच ठेवलेली.

"दादा," तो म्हणाला, "तुझ्या वळूचा हाय. साळायला पहिला हात तू लाव, म्हणून कुणाला शिवू दिलं न्हाई."

मी शिंगं बघितली. एक मागं, एक बाहेर. पारावर तीस-चाळीस माणसं होती. सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती आणि मला ते आवडत होतं. मी म्हणालो, "माझ्या वळूचा? एक शिंग एका घराण्याचं, दुसरं दुसऱ्याचं. ह्यो तर दोन बापांचा दिसतोय गड्या!"

पार हसला. कुणीतरी टाळी दिली. मला माझा विनोद लय आवडला.

भाऊ हसला नाही. "दादा, ऐक तरी. ते शिंग..."

"शिंगाचं मला सांगतोस व्हय? गाय कुठं कुठं फिरवलीस ते सांग."

त्यानं दावं धरलं आणि खोंड वळवून घेऊन गेला. मिरवणुकीत आला नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही आणि मीही बोललो नाही. मी कशाला बोलू, मी जे दिसलं ते सांगितलं होतं. त्या बैलाचं नाव मात्र गावानं तेच ठेवलं. पोरं लांबनं ओरडायची, दोन बापांचा आला रं! भाऊ मान खाली घालून नांगर चालवायचा. त्यानं तो बैल विकला नाही. सतरा वर्षं पाळला, मेल्यावर रानात पुरला. आणि त्या सतरा बेंदरांत त्या शिंगांना ना कुणाचा चाकू लागला ना रंग. गावातले सगळे बैल तांबड्या-हिरव्या शिंगांचे, आणि त्यात हा एक मातकट. दर साली तो माझ्या दारावरनं जायचा. मी बघायचो आणि म्हणायचो, हट्टी हाय. भावाला म्हणायचो.

भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. स्मशानात मी करंजाच्या झाडाखाली उभा राहिलो, पुढं गेलो नाही. कुणी हाक मारली असती तर गेलो असतो. कुणी मारली नाही. दहा दिवस सुतक पाळलं. तेवढ्यापासनं मला कुणी अडवू शकत नव्हतं.

तर ती कवटी माझ्या अंगणात होती. नात विचारत होती, काय झालं आबा. मी तिला सगळं सांगितलं, पण माझ्या बाजूनं सांगितलं. शेवटी म्हणालो, "थांब. खरा बैल कसा असतो ते तुला दाखवतो. मग तूच सांग."

माझा वळू मी विहिरीजवळ पुरला होता. पाठीच्या अंगाला लिंब लावला होता, डोकं उगवतीला ठेवलं होतं, त्यामुळं कुठं खणायचं ते मला पक्कं माहीत होतं. दोन दिवस लागले. नात म्हणत होती, राहू दे. मी ऐकलं नाही. गुडघे बोलत होते तरी कुदळ सोडली नाही. मला हे एकदाचं ठरवून टाकायचं होतं. भाऊ खोटं बोलला होता हे हाडानं सांगितलं असतं, तर त्या पारावरच्या हसण्याचं ओझं उतरलं असतं. मग मला म्हणता आलं असतं, बघ, मी बरोबरच होतो.

डोकं निघालं. लिंबाची एक मुळी डोळ्याच्या खोबणीतनं आत शिरून जबड्याच्या बाजूनं बाहेर आलेली. मी ती तोडली नाही, नातीनं हळूच सोडवली. त्या वळूच्या कपाळावरनं मी लय हात फिरवला होता.

तिसऱ्या दिवशी दोन्ही कवट्या धुऊन ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मी म्हणालो, "आता बघ. शिंगं बघ."

तिनं शिंगं शेवटी बघितली. आधी बाकी सगळं. बोटानं कपाळावरची मधली खाच चाचपली. "ही खाच दोघांना आहे."

"ती सगळ्याच खिलारांना असती."

"मग ती उपयोगाची नाही. सगळ्यांना असलेली खूण जवळचं नातं सांगत नाही." मग ती थांबली. "हे बघा. डाव्या डोळ्याच्या वर दोन बारीक भोकं आहेत, उजवीकडं एकच. ह्याला पण. आणि ह्याला पण."

मी वाकून बघितलं. होती. कातडीखाली, आयुष्यभर माझ्या हाताखाली होती.

"अशी दोन भोकं किती बैलांना असतात, आबा?"

"काय म्हाईत. कातड्याखाली कोण बघतंय?"

"मग मलाही माहीत नाही." 

मग तिनं भावाच्या बैलाचं डावं शिंग हातात घेतलं आणि मुळाशी अंगठा फिरवत राहिली. तिथं हाड जाड झालं होतं, गाठ आल्यासारखं. मोडलेला हात वेडावाकडा जुळला की असतो तसं.

"हे लहानपणी मोडलंय," ती म्हणाली. "शिंग नुकतं फुटत असताना. मोडून पुन्हा जुळलंय, म्हणून दिशा बदलली. घराण्याचा काही संबंध नाही."

मी ओट्यावर बसलो.

"मग ह्यो माझ्या वळूचा हाय का न्हाई?"

"आबा, हाडावरनं बाप-लेक ठरत नाही. मी घराणी लावते, तीसुद्धा शंभर खुणा जुळवून. दोन भोकांवर मी हो म्हणणार नाही."

"मग न्हाई म्हण."

"नाही कशावरनं म्हणू? तुम्ही कशावरनं म्हणालात?"

"शिंगावरनं."

तिनं शिंग हळूच खाली ठेवलं. लहानपणापासनं वटवट करणारी पोरगी गप्प बसली, तेव्हा मला कळलं ती माझी कीव करतेय. मला ते सोसलं नाही. मी भावाची कवटी उचलली, म्हणजे भावाच्या बैलाची, पाटीत घातली आणि चौथ्या घराकडं निघालो. दिवस मावळायला आला होता. उंबऱ्यापाशी पाय अडला. मी बाहेरच उभा राहिलो.

भावजय ज्वारी निवडत बसली होती. मी थोरला दीर, म्हणून तिनं सगळं आयुष्य माझ्यासमोर पदर ओढून दाराआडनं बोलण्यात काढलं होतं. त्या दिवशी तिनं पदर नीट केला, पण आड गेली नाही.

"परत आणलीय," मी म्हणालो. "डावं शिंग ल्हानपणी मोडलेलं हुतं म्हनं."

"व्हय. आठ महिन्यांचा असताना गव्हाणीच्या लाकडात अडकलं. महिनाभर ह्यांनी हळद बांधली. मांडीवर डोकं घिऊन बसायचे." ती ज्वारी निवडत होती. "त्या दिशी पारावर त्येच सांगत हुते तुमाला."

मला आठवलं. दादा, ऐक तरी. ते शिंग...

"मला म्हाईत न्हवतं," मी म्हणालो.

"इचारलं असतं तर म्हाईत झालं असतं." आवाज चढला नव्हता. "आवं दादा, त्यांनी बैल का ठिवला ठावं हाय का? लोक म्हनले इकून टाक, टळंल रोजचा तरास. ह्ये म्हनले, इकला तर दादाचं बोलणं खरं ठरंल."

मी पाटी उंबऱ्याबाहेर टेकवली. म्हणालो, "चुकलं माझं."

तिनं सुपातले खडे बाजूला काढले. "मला सांगून काय उपेग? मी काय हसले हुते का? जिथं बोललात तिथं बोला. आन ती पाटी घिऊन जावा, आता आणून काय करू मी तिचं."

त्या रात्री नात म्हणाली, आबा, जेवा. मी जेवलो. तिला म्हणालो, सकाळी मला वाटीत थोडा तांबडा रंग कालवून दे. ती म्हणाली, कशाला. मी सांगितलं नाही. माळ्यावरनं साळायचा चाकू काढला आणि दगडावर घासून ठेवला. मग कळलं की तो लागणार नव्हता. साळायला वरचं शिंगच राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी डोक्यावर घेऊन मी पारावर गेलो. पाराला लागून आता दूध डेअरी आहे, साडेसहाला सगळं गाव किटल्या घेऊन तिथं असतं. मी पाराच्या कट्ट्यावर कवटी ठेवली. माणसं वळून बघायला लागली. बत्तीस वर्षांपूर्वीही अशीच बघत होती, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं.

मी मोठ्यांदा म्हणालो, "माझा भाऊ खरं बोलत हुता. त्येचा बैल माझ्या वळूचा हुता. मी इथं उभा राहून त्येला दोन बापांचा म्हनलो. ते माझं चुकलं."

कुणी हसलं नाही. मी एकेकाचं तोंड बघितलं. त्या दिवशी हसलेली माणसं शोधत होतो. एक होता, त्याला ऐकू येत नाही. बाकीचे गेलेले.

मिशी फुटून चार वर्षं झाली असतील असा एकजण, किटली हातात, म्हणाला, "कुठला बैल, आबा?"

दुसरा म्हणाला, "आन कुठला भाऊ? दोन सालामागं गेले ते तुमचे भाऊ हुते?"

डेअरीच्या रांगेत भावजय उभी होती. तिनं दूध घातलं, पावती घेतली, आणि रिकामी किटली खाली ठेवून तिथंच थांबली. माझ्याकडं बघत नव्हती. कवटीकडं बघत होती.

मी रंगाची वाटी काढली. बोट बुडवलं आणि डाव्या शिंगाला, मुळाशी जिथं गाठ होती तिथनं, पहिला हात लावला. मग त्या पोरांना बसायला सांगितलं आणि पहिल्यापासनं सांगायला लागलो.